आभार न मानण्याचा ठराव

आमच्या इमारतीत गेली आठ वर्षं माझे कुणीही आभार मानलेले नाहीत. पूर्वी रोज हारतुरे पडत होते अशातला भाग नाही. पण एखाद्या म्हाताऱ्या बाईंची पिशवी तिसऱ्या मजल्यापर्यंत नेऊन दिली, तर निदान 'थँक यू हं' एवढं तरी कानावर यायचं. आता त्या पिशवी घेतात आणि माझ्या तोंडावर दार लावतात. मला तक्रारही करता येत नाही, कारण तसा सर्वसाधारण सभेचा ठरावच आहे. ठराव क्रमांक सात. सूचक, तळमजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर. अनुमोदक, उरलेले सगळे. विरोधात कुणी नाही, माझी बायकोसुद्धा नाही.

या ठरावाला कारण झालं दीड फुटाचं एक डाळिंबाचं रोप.

पुढचं समजायला माझ्याबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. मी वजनमापं तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक आहे. दुकानदाराचा तराजू खरा की खोटा हे ठरवायचं आणि खरा असेल तर त्यावर शिक्का मारायचा, हे माझं काम. सव्वीस वर्षांत मी एकदाही अंदाजानं शिक्का मारलेला नाही. घरातसुद्धा मीठ 'चवीपुरतं' म्हटलेलं मला आवडत नाही. माझ्या बायकोनं हे सगळं कसं सोसलं हा प्रश्न तिच्या माहेरी अजून चर्चेत आहे.

आम्ही ज्यू. या इमारतीत आमचं एकच घर, आणि शहरात आमची माणसं इतकी मोजकी की प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना अकराव्याला ताप आला तरी चालतो, दहाव्याला चालत नाही. त्यामुळे आमचे सण बहुतेक घरातच होतात, आणि घरात सण करायचे म्हणजे बापानं करायचे. मी ते नियमाप्रमाणे करत असे. नियमाप्रमाणे केलेल्या सणात मुलं जांभया देतात, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

झाडांचं नवं वर्ष, ज्याला आम्ही तू बिश्वात म्हणतो, त्या दिवशी आमच्याकडे ताटात पाच प्रकारची फळं मांडायची, प्रार्थना म्हणायची आणि फळं संपवायची, एवढाच कार्यक्रम असायचा. हे सुरू झालं त्या वर्षी थोरली मुलगी नऊ वर्षांची होती आणि धाकटा पाच. थोरलीनं ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पप्पा, वाढदिवस झाडांचा ना?"

"हो."

"मग झाडाला बोलावलंच नाही आपण."

बायको हसली. मी हसलो नाही, कारण मुद्दा बिनतोड होता. त्याच संध्याकाळी मी जाहीर केलं की पुढच्या वर्षी आपल्या दारात आपलं झाड असेल. थोरली म्हणाली, "पुढच्या वर्षी कशाला? आजच लावू." बायको म्हणाली, "कुंडीत लावा, गॅलरीत ठेवा, गप्प बसा." आज मागे वळून पाहताना मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं वाक्य एवढं एकच बोललं गेलं. मी म्हणालो, "कुंडीतलं झाड म्हणजे झाड नव्हे. ती शोभा." डाळिंब निवडलं थोरलीनं, कारण आमच्या खऱ्या नव्या वर्षाला, रोश हशानाला, पानगळीच्या तोंडावर नवं फळ म्हणून डाळिंब फोडायचं असतं. दरवर्षी ते बाजारातून यायचं. आता ते घरचं असणार होतं.

झाड लावण्याआधी मी नियमकाकांना भेटलो. आमच्या प्रार्थनामंदिरातले हे वडीलधारे गृहस्थ. त्यांना सगळा धर्मशास्त्राचा ग्रंथ तोंडपाठ, आणि स्वतःचा चष्मा कुठे ठेवलाय हे कधीच माहीत नसे. ते म्हणाले, "झाड लाव, पण लक्षात ठेव. पहिली तीन वर्षं त्याचं फळ खायचं नाही, विकायचं नाही, त्यातून कसलाच फायदा घ्यायचा नाही. चौथ्या वर्षीचं फळ देवाचं. ते सोडवून खायचा एक विधी आहे, तो मी तुला शिकवीन."

"विधी चुकला तर?"

"तुझ्यासारख्या माणसाचा चुकत नाही."

"पण चुकला तर?"

 मी तिथंच ठरवलं की धोका नको, चौथं वर्षही सोडून द्यायचं आणि पाचव्या वर्षी बिनघोर खायचं. शास्त्रानं तीन वर्षं सांगितली, मी चार केली. कुणी मागितलेलं नव्हतं.

घरी येऊन मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक तक्ता चिकटवला. चार रकाने, प्रत्येक रकान्यात बारा चौकोन. खाली लिहिलं, 'पहिलं डाळिंब थोरलीनं फोडायचं,' आणि त्याखाली सही केली. थोरली म्हणाली, "शिक्का पण मारा." मी खात्याचा शिक्का घरगुती कामाला वापरत नाही, पण तारखेचा रबरी शिक्का माझा स्वतःचा होता, तो मारला. पुढे चार वर्षं दर महिन्याला ती त्यातला एक चौकोन लाल पेन्सिलीनं रंगवत असे आणि धाकटा रेघेबाहेर जाऊन तिला मदत करत असे. या घरात एखादा सण मुलांनी मनापासून साजरा केला असेल, तर तो तेवढाच.

आता परवानगी. इमारतीच्या मागच्या आवारात झाड लावायचं, म्हणजे अध्यक्षांकडे अर्ज. अध्यक्ष फर्निचरचे व्यापारी, त्यामुळे लाकूड झाडापासून येतं हे ते मान्य करत, पण जिवंत झाडाबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. अर्जात 'झाडाचा उद्देश' असा रकाना होता. मी 'धार्मिक व शैक्षणिक' असं लिहिलं. त्यावर विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्यात आली.

"झाडाला आमची ना नाही," अध्यक्ष म्हणाले. "फळं सगळ्यांची, एवढी अट."

"फळं खाता येणार नाहीत," मी म्हणालो.

"कुणाला?"

"आम्हाला. पहिली चार वर्षं."

"म्हणजे चार वर्षं आम्ही खायची. वा, छान."

इथं मी खाली बसायला हवं होतं. जगात खाली बसण्याच्या जागा देवानं माणसाला वेळोवेळी दाखवलेल्या असतात. पण मी म्हणालो, "माझं झाड, म्हणून मी ती तुम्हाला देऊही शकत नाही. देण्यातसुद्धा माझा फायदा होतो. तुम्ही आभार मानाल, आणि आभार हा फायदाच आहे."

 मग पोस्टमास्तर उठले. चाळीस वर्षं त्यांनी पाकीट न फोडता आतला मजकूर ओळखला होता आणि आता तळमजल्याच्या गॅलरीत बसून ते माणसं ओळखत. "आणि आम्ही आभार मानलेच नाहीत तर?" त्यांनी विचारलं.

मी प्रामाणिकपणे विचार केला. "तर फायदा होणार नाही," मी म्हणालो.

"मग तसा ठरावच करू की."

असा तो ठराव झाला. 'निरीक्षकांच्या झाडासंबंधी कोणीही सभासद त्यांचे आभार मानणार नाही.' त्याला मुदत घालायची राहिली. मुदत नसलेला कागद मी दुकानदाराकडून कधी घेतला नसता. हळूहळू 'झाडासंबंधी' हे शब्द लोक विसरले आणि ठराव माझ्यापुरता उरला.

रोप लागलं. खड्डा खणला माळ्यानं. हा माळी आठवड्यातून दोनदा येई, चार इमारतींची कामं करी आणि फार बोलत नसे. मुलांनी माती लोटली. थोरलीनं रोपाला नवीन वर्षाच्या शुभेच्छा दिल्या. मी बागखात्यात जाऊन झाडाची नोंद केली. अर्जावर 'लागवडीची तारीख' हा रकाना पाहून मला कोण आनंद झाला. सरकारदरबारी गणना सुरू झाली होती. तिथल्या कारकुनानं मला दोनदा विचारलं, "एकाच झाडाची नोंद? दीड फुटाच्या?" तिसऱ्यांदा त्यानं विचारलं नाही, शेजारच्याला बोलावून मला दाखवलं.

दुसऱ्या वर्षी फुलं आली, आणि तिसऱ्या वर्षी सात डाळिंबं. पाच इमारतीनं नेली. एका संध्याकाळी शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या, झाडाचं सगळ्यात मोठं फळ तोडलं, माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं आणि निघून गेल्या. मी बायकोला म्हणालो, "पाहिलंस, किती उद्धट." बायको म्हणाली, "त्या ठराव पाळतात." उरलेली दोन मुलांनी पुरली. खायचं नाही, ठेवायचं नाही, म्हणून आम्ही ती कुंपणापाशी खड्डा करून मातीआड करायचो. थोरली वर एक दगड ठेवायची. गॅलरीतून पोस्टमास्तर म्हणायचे, "अहो, फळं पुरतात होय कुणी? मुलांच्या तोंडचा घास." मी त्यांना शास्त्र सांगायचो. पालथ्या घड्यावर पाणी.

तरी थोरलीनं कधी तक्रार केली नाही. शाळेतल्या मैत्रिणींना ती तक्ता दाखवायला घेऊन येई आणि मोठ्या तोऱ्यात सांगे, "आमच्याकडे असं असतं." हे वाक्य मी बाहेरच्या खोलीतून ऐकलेलं आहे. नंतर किती वर्षं मी ते पुन्हा ऐकायची वाट पाहिली, ते सांगण्यात अर्थ नाही.

चौथं वर्ष संपायला पाच आठवडे उरले होते. तक्त्यावर एकच चौकोन आणि जरासा तुकडा बाकी होता. त्या वेळी पाणीखात्याचं पत्र आलं: मागच्या आवारातून नवी जलवाहिनी जाणार, मार्गात येणारं झाड पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत हलवावं. मी धावत बागखात्यात गेलो. त्यांनी लेखी दिलं की नोंदलेलं झाड परवानगीशिवाय हलवता येत नाही. मी ते पत्र पाणीखात्याला दाखवलं. ते म्हणाले, परवानगी आणा. बागखातं म्हणालं, परवानगीचा अर्ज पाणीखात्यानं करायला हवा. मी आठ दिवस रजा टाकून या दोन खात्यांच्या मध्ये येरझारा घातल्या. आयुष्यभर मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो. बाहेरच्या बाजूची खुर्ची इतकी डुगडुगते हे मला तेव्हा कळलं.

बुधवारी दुपारी, मी बागखात्याच्या रांगेत एकतीस नंबरचं टोकन घेऊन बसलो असताना, पाइपवाले आले आणि अध्यक्षांनी माळ्याला सांगून झाड हलवून टाकलं. मी घरी आलो तेव्हा ते मागच्या भिंतीशी, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे उभं होतं.

पोस्टमास्तर गॅलरीत माझी वाटच पाहत होते. "सगळं पाहिलं मी," ते म्हणाले. "तुमच्या माळ्यानं मुळांची सगळी माती झटकून टाकली. अशी झटकली, अशी, चादर झटकतात तशी."

 नियमकाकांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं: झाड मुळाशी पुरेशी माती धरून हललं, तर ते तेच झाड, गणना चालू राहते. मुळं उघडी पडली, तर ते नवं झाड. पुन्हा पहिल्या दिवसापासून.

मी माळ्याला गाठलं. तो नळावर फावडं धूत होता. मी त्याला चारचौघांत, पाइपवाल्यांसमोर, नाही नाही ते बोललो. चार वर्षांची मेहनत मातीत घातलीस म्हणालो, आणि त्या वाक्यात काही चूक आहे हे मला तेव्हा दिसलं नाही. तो म्हणाला, "साहेब, माझं ऐकून तर घ्या."

"ऐकण्यासारखं काही नाही."

त्यानं फावडं उचललं आणि गेला. त्या दिवसापासून तो आमच्या दारातल्या कुंड्यांना पाणी घाली, पण मान वर करत नसे. मीही करत नसे. निरीक्षकानं आधी बोलायचं म्हणजे काय?

वर आलो, तर थोरली जिन्यात उभी. तेरा वर्षांची झाली होती. शाळा त्या दिवशी लवकर सुटली होती. "पप्पा," ती म्हणाली, "माती होती. मी तिथं होते."

"पोस्टमास्तरांनी पाहिलंय."

"मी पण पाहिलंय. जवळून."

त्यावर मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण ते मी बाजारात हजारदा बोललो आहे. मी म्हणालो, "दुकानदाराच्या मापाबद्दल दुकानदाराची साक्ष चालत नाही. तुला डाळिंब खायचंय, म्हणून तू असं म्हणतेस."

 तिनं आत जाऊन दप्तर भरलं. मला वाटलं, पटलं.

बायको म्हणाली, "अहो, ती कधी खोटं बोललीय? आणि त्या माळ्यालाच विचारा ना एकदा." नियमकाकांनीही तेच विचारलं. मी त्यांच्यासमोर सगळा पंचनामा मांडला. ते म्हणाले, "तू स्वतः पाहिलंस?"

"साक्षीदार आहे."

"माळ्याला विचारलंस?"

"त्याच्याशी माझं बोलणं नाही."

काकांनी चष्मा शोधला, तो कपाळावर होता, खाली ओढला. "हे बघ," ते म्हणाले, "आपण त्या इस्राएलच्या पवित्र भूमीत राहत नाही. इथं या नियमाला मोठी सूट आहे. झाडाबद्दल नुसती शंका असली, तरी फळ खुशाल खायचं. मुलं लहान आहेत. तुला थोडीतरी शंका आहे का?"

तो म्हातारा मला दार उघडून देत होता. आत या म्हणत होता. आणि मी एकवीस वर्षांच्या नोकरीचा सगळा ताठा एकवटून म्हणालो, "काका, मला शंका नसते."

पुढच्या आठवड्यात झाडाची पानं गळाली. मी बायकोला बोलावून दाखवलं. "बघ, मुळं उघडी पडल्याचा पुरावा." बायको म्हणाली, "हिवाळा आहे. समोरच्या झाडांचीही गळालीत." मी समोरच्या झाडांचा या प्रकरणाशी संबंध नसल्याचं सांगितलं.

जुन्या तक्त्यावर मी नवा तक्ता चिकटवला. चार रकाने, बारा बारा चौकोन. खाली तेच वाक्य, तीच सही, तोच शिक्का. महिना झाल्यावर लाल पेन्सिल थोरलीपुढे धरली. ती म्हणाली, "तुम्हीच रंगवा, पप्पा. तुमचं बरोबर येतं." पुढचे अठ्ठेचाळीस चौकोन मीच रंगवले. धाकट्याला एव्हाना फुटबॉलचा नाद लागला होता.

लोक विचारतात, मुलं धर्मापासून दूर कशी जातात. वाईट संगतीनं जातात, पुस्तकांनी जातात, असं सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्या पाहण्यात एक मुलगी गेली, ती स्वयंपाकघराच्या कपाटापासून जिन्यापर्यंतच्या वीस पावलांत गेली. ती सणांना बसायची, नाही असं नाही. प्रार्थना म्हणायची, ताटं मांडायची, हजेरी लावल्यासारखं सगळं करायची. पण तू बिश्वातला झाडाला शुभेच्छा द्यायला खाली उतरली नाही. पंधराव्या वर्षी ती एका संध्याकाळी गॅलरीतून झाडाकडे पाहत उभी होती. नऊ डाळिंबं लगडली होती. मी म्हणालो, "आता दोनच वर्षं." ती म्हणाली, "हो का?" एखाद्या अनोळखी माणसानं बसचा नंबर सांगितला तर आपण म्हणतो, तसं.

सतराव्या वर्षी तिचं शाळेतलं शिक्षण संपलं. दूरच्या शहरात तिला प्रवेश मिळाला, हॉस्टेल मिळालं. मी पंचांग काढून बसलो. दुष्काळात तेरावा महिना असं आपण नुसतं म्हणतो. आमच्या पंचांगात तो काही वर्षांनी खरोखरच येतो, आणि त्या वर्षी आला होता. त्यामुळे रोश हशाना महिनाभर पुढे गेलं. मी तिला म्हणालो, "सणापर्यंत थांब. यंदा झाड मोकळं आहे. पहिलं फळ तुझं."

"कॉलेज आधी सुरू होतं, पप्पा."

"मग सणाला ये."

"बघते."

ती गेली, आणि आली नाही. परीक्षा आहे असं तिनं आईला सांगितलं. आईनं मला तसंच सांगितलं. दोघींनाही ते खरं वाटत नव्हतं.

सणाच्या आदल्या सकाळी मी खाली उतरलो. झाडावर चौदा डाळिंबं होती. आठ वर्षं आणि सात महिने झाले होते. मी त्यातलं एक, पूर्वेकडच्या फांदीचं, निवडलं. ते पार्सलनं पाठवायचं मी ठरवलं होतं, खोका आणि कापूसही आणला होता. हात लावणार तेवढ्यात मागून आवाज आला. "आता खाता का, साहेब?"

माळी. साडेचार वर्षांनी. महिनाअखेरीला काम सोडून तो मुलाकडे राहायला जाणार होता, म्हणून बहुधा त्यालाच ते ओझं नको झालं असावं.

"हो," मी म्हणालो. "आता चालतं. तू त्या वेळी मुळं झटकली नसतीस, तर तेव्हाच चाललं असतं."

तो टाकीला टेकला. "मुळं कुठे झटकली मी? एवढा मोठा मातीचा गोळा होता, पोरीच्या कमरेएवढा. गोणपाटात बांधला आणि पाइपवाल्यांच्या एका माणसाला घेऊन ओढत आणला. खड्ड्यात जसाच्या तसा उतरवला. मग गोणपाट झटकलं. ते झटकायला नको?"

मी पोस्टमास्तरांच्या गॅलरीकडे पाहिलं. ही गोष्ट मी साडेचार वर्षांत कधी केली नव्हती. तिथून इथवर नजर टाकली, तर मधे पाण्याची टाकी येते. झाडाचा शेंडा दिसतो, मुळं दिसत नाहीत. उंच धरून झटकलेलं गोणपाट मात्र अगदी स्वच्छ दिसणार. तराजू बसवताना मी पहिली गोष्ट बघतो ती ही, की गिऱ्हाइकाला काटा दिसतो की नाही.

"तू सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. विचारताना मला उत्तर माहीत होतं.

"सांगत होतो. तुम्ही म्हणालात, ऐकण्यासारखं काही नाही." मग म्हणाला, "आणि गोणपाट काही माझी अक्कल नव्हती. मी उपटूनच नेणार होतो, आम्हाला सवय तशीच. तुमची पोर शाळेतून आली आणि आडवीच पडली. म्हणाली, काका, माती हलू देऊ नका, एवढीसुद्धा नको, नाहीतर पप्पा परत पहिल्यापासून मोजतील. घरातून गोणपाट तिनंच आणलं. खोड धरून चालली सोबत, माती सांडू नये म्हणून एक हात खाली लावून. हात खरचटला होता तिचा."

हात खरचटलेला मला आठवला. त्या रात्री जेवताना मी तिला विचारलं होतं, कुठे धडपडलीस. ती म्हणाली होती, कुठेच नाही.

मी त्याची माफी मागितली. नीट मागता आली नाही, कारण सवय नाही. तो म्हणाला, "राहू द्या," आणि पाण्याची नळी उचलली.

वर येऊन मी फोन लावला. तिनं उचलला. मागे बरीच मुलं बोलत होती.

"बोला पप्पा. क्लास आहे दहा मिनिटांत."

"माती होती," मी म्हणालो.

तिकडे कुणीतरी हसलं, दार आपटलं. मग ती म्हणाली, "हो. मी सांगितलं होतं."

"आज माळी म्हणाला."

"हां. साक्षीदार मिळाला म्हणजे." ती रागावून बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. ती घाईत होती, एवढंच. "अजून काही, पप्पा?"

"डाळिंब पाठवतो. पार्सलनं तीन दिवसांत—"

"नको. इथे मिळतात."

बायको दाराशी उभी होती.  ती मला कधीच 'मी म्हणत नव्हते' असं म्हणत नाही, हा तिचा मोठेपणा आहे, आणि त्या सकाळी तो मला सहन झाला नाही. मी कपाट उघडलं. आतला तक्ता अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस चौकोन भरलेला होता, एकही रेघ बाहेर गेलेली नव्हती. त्याचा कोपरा सुटला होता. खालच्या तक्त्याचा लाल रंग तिथून दिसत होता, रेघेबाहेर गेलेला.

झाडाची डाळिंबं त्या दिवशी इमारतीनं नेली. मी अडवलं नाही. पोस्टमास्तर दोन घेऊन गेले, ठरावाप्रमाणे, मागे न बघता. मी आभाराची वाट पाहिली नाही. सांगायचं तर तो दिवस आभार मानून घ्यायचा नव्हता.

धाकटा म्हणाला, "पप्पा, मग आपण का नाही खायची? आता तर चालतं ना?" मी त्याला कपाटातलं वाक्य दाखवलं. पहिलं डाळिंब थोरलीनं फोडायचं. खाली सही होती, शिक्का होता. त्यानं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बॉल घेऊन खाली गेला.

पण सणाला नवं फळ तर हवंच. संध्याकाळच्या आत मी पिशवी घेऊन बाजारात गेलो, दरवर्षीसारखा. फळवाल्यानं एक डाळिंब उचललं आणि तराजूत टाकलं. तराजूवर शिक्का माझ्याच हातचा होता. फळवाला मला ओळखत होता, म्हणून त्यानं काटा मुद्दाम माझ्याकडे वळवला. म्हणाला, "बघून घ्या, साहेब." मी बघितलं नाही. डाळिंब पिशवीत टाकलं आणि घरी आलो.